वेगांच्या यादीत न आलेले हसू

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात अडवू नयेत अशा १३ वेगांची, म्हणजे शरीरात आपोआप उठणाऱ्या ऊर्मींची, गणना येते. तीत शिंक आणि जांभई आहे, तहान, भूक, झोप आहे, अश्रूही आहेत, पण हसू नाही. ते त्याच अध्यायात पुढे व्यायाम, भाषण, वाटचाल आणि जागरण यांच्या पंगतीला बसलेले आढळते, आणि या गोष्टी अंगवळणी पडलेल्या असल्या तरी शहाण्याने त्यांचा अतिरेक करू नये, असे तेथे सांगितले आहे. आसवे अडवल्याने विकार होतो आणि हसणे अति झाल्याने विकार होतो, ही वाटणी हास्याला औषध मानणाऱ्या काळाला चमत्कारिक वाटेल. परंतु हसणे हे शरीराचे श्रम आहेत, हे प्राचीन वैद्याने अचूक हेरले होते. हसताना श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूंचा पडदा, लागोपाठ आकुंचन पावतो, फुप्फुसांतली हवा एरवीपेक्षा अधिक बाहेर फेकली जाते, नाडी काही क्षण जलद होते आणि मग अंग सैल पडते.

डॉ. मदन कटारिया यांनी १३ मार्च १९९५ रोजी मुंबईतील एका उद्यानात पहिला हास्य क्लब सुरू केला, तेव्हा आरंभी विनोद सांगितले जात. थोड्याच दिवसांत चांगले विनोद संपले, उरलेले काहींना बोचू लागले, आणि कारणावाचून हसण्याची रीत पुढे आली. येथेच तात्त्विक प्रश्न उभा राहतो. आरोग्याच्या हेतूने हसलेले हसू हे हास्य म्हणावे की केवळ व्यायाम? भरताच्या नाट्यशास्त्रानुसार हास्यरसाचा स्थायीभाव, म्हणजे मनात मुळापासून वसलेली वृत्ती, ‘हास’ हा असून विकृत वेष, विसंगत बोलणे अशा कारणांनी तो जागा होतो. स्मितापासून अतिहसितापर्यंतचे त्याचे सहा प्रकार उत्तम, मध्यम आणि अधम प्रकृतींत वाटून दिलेले आहेत. कारणच काढून टाकले तर श्रम उरतात, रस उरत नाही. श्रमांचाही लाभ आहेच; मात्र रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हसल्यानंतर वेदना सोसण्याची क्षमता वाढलेली दिसली, तेव्हा त्यांचा भर चारचौघांत मिळून हसण्यावर होता, ही बाब हास्याचे गुणगान करणारे बहुधा विसरतात.

मिळून हसण्याला धर्मात जागा आहे का, याचे उत्तर कोकणाने ग्रंथाबाहेर दिलेले आहे. ते एका नदीच्या नावापासूनच सुरू होते. मुचकुंदी नदी लांजा तालुक्यातील माचाळच्या डोंगरात, जेथे मुचकुंद ऋषींची गुहा दाखवतात, तेथे उगम पावते आणि पूर्णगडाच्या किल्ल्याखाली समुद्राला मिळते. ज्या मुचकुंदाचे नाव ती वाहते त्याच्या कथेत कालयवनापुढे पाठ फिरवून पळणारा श्रीकृष्ण आहे. देवाच्या पळण्याची लाज न वाटता त्याला ‘रणछोड’ हे नाव प्रेमाने देणारी ही भक्ती देवाला हसू शकते. रत्नागिरी जिल्ह्यातील शिमग्याच्या नमन-खेळ्यांत तीच वृत्ती दिसते. गणेशाच्या स्तवनानंतर गवळण येते, तीत पेंद्या आणि स्त्रीवेषातली मावशी कृष्णाची यथेच्छ थट्टा करतात. काळ्या वेषातला संकासुर, म्हणजे वेद चोरणारा शंखासुर, पोरांना भिववतो आणि हसवतोही. एरवी जिभेवर येऊ नयेत असे शब्द शिमग्याच्या फाकांत, म्हणजे मोठ्याने दिलेल्या आरोळ्यांत, मोकळेपणी उच्चारले जातात, आणि ते ग्रामदेवतेच्या पालखीच्या साक्षीने.

समर्थ रामदासांना विनोदाची ओढ टवाळांना शोभणारी वाटली, तर एकनाथांनी भारुडांतून हसवतच परमार्थ सांगितला. पण या वादात एकनाथांचे पारडे जड ठरते ते केवळ लोकप्रियतेमुळे नव्हे. टवाळीत हसणारा स्वतःला वगळतो, भारुडात आणि नमनात त्याला वगळता येत नाही, कारण संकासुर उद्या त्याच्याच अंगणात नाचणार असतो. अर्थात हा मोकळेपणा सर्वांना सारखा सुखाचा असतो असे नाही. फाकांचा रोख ज्याच्याकडे वळतो त्याच्या प्रकृतीचा हिशेब हास्याचे लाभ मोजणाऱ्यांनी फारसा मांडलेला नाही. चरकानेही अतिमात्रा कोठे सुरू होते याचा आकडा दिलेला नाही. कोकणात तो आकडा पंचांग देते: पालखी देवळात परतली की फाका थांबतात, आणि संकासुराचा मुखवटा पुढच्या फाल्गुनापर्यंत माळ्यावर जातो.