मोजक्या प्रती आणि उत्सुक कान

जी कृति हजारोंच्या हातीं पोंचविणें सहज शक्य आहे, ती जाणूनबुजून पन्नास जणांनाच देण्याचा अधिकार कलावंताला आहे काय? चित्राच्या बाबतींत हा प्रश्न उद्भवत नाहीं. मूळ चित्र एकच असतें. परंतु प्रतीमागून प्रत काढतां येणें हाच जिचा धर्म, अशा वस्तूला संख्येचें कुंपण घालणें युक्त कीं अयुक्त, हें ठरविणें तितकें सोपें नाहीं. या प्रश्नाचें एक बोलकें उदाहरण आम्हांस अनपेक्षित ठिकाणीं सांपडतें. यंत्रांची घरघर आणि सिंथेसायझरचे कर्कश ध्वनि यांतून घडलेलें जें ‘इंडस्ट्रियल’ व ‘नॉइज’ संगीत पश्चिमेकडे व जपानांत रूढ झालें आहे, तें पुष्कळदां ठराविक संख्येच्या कॅसेटींवरच प्रसिद्ध होतें.

ज्यांच्या कानीं हें संगीत पडलें नसेल, त्यांच्यासाठीं थोडी पूर्वपीठिका सांगणें अवश्य आहे. इ. स. १९१३ मध्यें लुइजी रुसोलो या इटालियन चित्रकारानें ‘गोंगाटाची कला’ या आशयाचें जाहीर पत्र लिहिलें. यंत्रयुगाच्या कानाला केवळ मधुर स्वर पुरणार नाहींत, गोंगाटहि संगीताचें द्रव्य झाला पाहिजे, असें त्याचें म्हणणें होतें. पुढें १९७५ मध्यें इंग्लंडांत ‘थ्रॉबिंग ग्रिसल’ हें वादकमंडळ निघालें. त्यानें दुसऱ्याच वर्षीं आपली ‘इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स’ ही प्रकाशनसंस्था काढली. गाण्यांचेंहि कारखान्यांतील मालासारखें उत्पादन होतें, हा टोमणा त्या नांवांतच आहे. जपानांत मासामी अकिता यांनीं १९७९ च्या सुमारास ‘मर्झबाऊ’ या नांवानें आपलें कार्य आरंभिलें. कुर्ट श्विटर्स या जर्मन कलावंतानें आपल्या घरांत उभारलेल्या एका विलक्षण रचनेवरून तें नांव घेतलेलें आहे. टाकाऊ वस्तूंतून कला घडविणें हा श्विटर्सचा बाणा होता.

अशा ध्वनीला कला म्हणावें काय, असें कोणी विचारील. परंतु भरतमुनीनें भयानक व बीभत्स यांनाहि रसांच्या पंक्तींत बसविलें आहे. तेव्हां अप्रिय विषय कलेला वर्ज्य नाहीं, ही गोष्ट आपल्या परंपरेस नवीन नव्हे. खरा नैतिक प्रश्न निराळाच आहे. गल्लींतील ध्वनिक्षेपक रात्रीं कोणास न विचारतां सर्वांच्या घरांत शिरतो. त्यावर मधुर भजन लागलेलें असलें तरी तो जुलूमच होय. उलट, अत्यंत भेसूर ध्वनीहि जो मागेल त्यालाच मिळत असेल, तर त्यानें कोणाचा अपराध होत नाहीं. कर्कशतेला श्रोत्याच्या संमतीची जोड पाहिजे, आणि मोजक्या प्रती मुद्दाम शोधीत येणाऱ्याच्याच हातीं बहुधा पडतात. मर्यादित संख्येचें हें समर्थन आम्हांस ग्राह्य वाटतें.

तथापि कॅसेटचा मूळ स्वभाव या मर्यादेच्या विरुद्ध आहे. फिलिप्स कंपनीनें १९६३ मध्यें ती बर्लिनच्या प्रदर्शनांत मांडली. तळहाताएवढ्या डबींत तासाभराचें गायन मावूं लागलें, आणि दोन यंत्रें जोडलीं कीं कोणालाहि घरबसल्या नक्कल करतां येऊं लागली. याच स्वस्ताईमुळें १९८० नंतरच्या दशकांत आपल्याकडील लोकगीतें व भजनें खेडोपाडीं पोंचलीं. आणि याच स्वस्ताईमुळें गोंगाटाच्या उपासकांनींहि तिला जवळ केलें. मोठ्या कंपन्यांच्या दारीं न जातां ते आपल्या ध्वनिफिती परस्परांस टपालानें पाठवूं लागले. म्हणजे ज्या साधनानें कुंपणें मोडलीं, त्याच्याचभोंवतीं आतां कुंपण उभें राहत आहे.

संख्या दोन कारणांनीं लहान राहते: ऐपत तेवढीच असते म्हणून, किंवा दुर्मिळता हवी असते म्हणून. थ्रॉबिंग ग्रिसलच्या १९७७ मधील पहिल्या मोठ्या ध्वनिमुद्रिकेच्या आरंभीं ७८५ प्रती निघाल्या. पण ती पुढें पुन्हां निघाली, तेथेंच अडली नाहीं. मर्यादेची कसोटी हीच, कीं पन्नास प्रती संपल्यावर एक्कावन्नावा उत्सुक श्रोता आला, तर त्याला काय मिळतें? हातानें चिकटविलेलें वेष्टन व हातानें घातलेला क्रमांक यांना अंत आहे, कारण मनुष्याच्या श्रमाला अंत आहे. ध्वनीला तसा अंत नाहीं. म्हणून वस्तु मोजून द्यावी, परंतु ध्वनि रोखूं नये, असें आमचें मत आहे.

वेष्टनहि न उघडतां कॅसेट जपून ठेवून ती पुढें चढ्या किंमतीस विकणारा संग्राहक या मर्यादेचा अर्थच उलटा करतो. ज्या संगीतानें बाजाराचा उपहास केला, त्याचीच प्रत सट्ट्याची जिन्नस होते. शिवाय फितीवरील चुंबकीय लेप काळानें क्षीण होतो. पेटींत जपलेली प्रतहि मुकाट्यानें झिजतच असते. ज्याच्यापाशीं अशी प्रत असेल, त्यानें ती ऐकावी, आणि कोणी मागेल त्याला नक्कल करून द्यावी.