यात्रा आपली, उपवास कोणाचा?

मार्गशीर्ष पौर्णिमा जवळ आली की दत्तभक्तांच्या घरी बांधाबांध सुरू होते. कोणी नृसिंहवाडीला निघतो, कोणी औदुंबरला, कोणी गाणगापूरला. कोणाला लेकीकडे उत्सवासाठी जायचे असते, तर कोणी सहा महिन्यांसाठी परदेशी मुलाकडे निघालेला असतो. पोथी, सोवळे, औषधाच्या गोळ्या, सगळे आठवणीने पिशवीत जाते. आणि निघायच्या आदल्या दिवशी घरातले कोणीतरी म्हणते, "अहो, पण मोत्याचं काय करायचं?"

प्रश्न व्यवहाराचा दिसतो. पण तो धर्माचाही आहे, आणि दत्तभक्ताला तर तो टाळता येण्यासारखा नाही.

श्रीदत्तप्रभूंची मूर्ती डोळ्यांपुढे आणावी. पाठीशी गाय उभी आहे, पायाशी चार श्वान आहेत. गाय म्हणजे पृथ्वी आणि श्वान म्हणजे चार वेद, हा अर्थ आपण लहानपणापासून ऐकत आलो. अर्थ थोरच आहे. पण वेद म्हणून हात जोडताना पायाशी बसलेला कुत्रा हा कुत्राही आहे, हे विसरू नये. शिवाय दत्तप्रभू एका जागी बसणारे दैवत नव्हे. काशीला स्नान, कोल्हापूरला भिक्षा, माहूरला निद्रा, असा त्यांचा नित्यक्रम परंपरा सांगते. इतकी भ्रमंती, पण कुत्र्यांना मागे ठेवून स्वारी एकटीच निघाली असे चित्र कोणी काढल्याचे पाहिले आहे का? महाभारतातल्या महाप्रस्थानिक पर्वात धर्मराजाचेही तेच. स्वर्गाचा रथ दारात उभा, इंद्र म्हणतो कुत्र्याला तिथे जागा नाही, आणि धर्मराज म्हणतो की आश्रयाला आलेल्याला टाकून मिळणारा स्वर्ग मला नको. त्या कुत्र्याच्या रूपाने साक्षात धर्मच बरोबर चालत होता, हे त्याला नंतर कळले. आधी कळले असते तर त्या नकाराला किंमत उरली नसती.

आपण पडलो प्रापंचिक. एस.टी.त, भक्तनिवासात, पौर्णिमेच्या गर्दीत कुत्र्या-मांजराला नेणे शक्य नसते, आणि त्या जिवाच्याही हिताचे नसते. तेव्हा मागे ठेवावे लागते, त्यात पाप नाही. पण मागे ठेवणे वेगळे आणि वाऱ्यावर सोडणे वेगळे. या दोहोंच्या मध्ये एक माणूस उभा असतो, आपल्या मागे त्या जिवाला सांभाळणारा. त्याचे आपल्यावर काय ऋण आणि त्याचा स्वतःचा धर्म कोणता, याचा विचार आपण फारसा करत नाही.

काही जण म्हणतात, "देव पाहील हो, कुत्रंच ते, मिळेल तिथं खाईल." अवधूताने यदुराजाला जे चोवीस गुरू सांगितले, त्यांत अजगर आहे. येईल ते खावे, न आले तर पडून राहावे, हे त्याने अजगराकडून घेतले. पण ही वृत्ती अवधूताने स्वतःसाठी स्वीकारली. 'देव पाहील' हे वाक्य आपल्या पोटाविषयी म्हटले तर ती श्रद्धा होते. दुसऱ्याच्या पोटाविषयी म्हटले तर तो आळस असतो. एकादशी आपण आपल्या इच्छेने करतो. दाराला कुलूप लावून मांजराला जी एकादशी घडवतो, तिचे पुण्य कोणाच्या खात्यावर लिहायचे? गल्लीत वाढलेला कुत्रा चार घरे फिरून पोट भरील. ज्याला आपण दारात बांधला, आपल्या हातचे खायला शिकवले, त्याची ती विद्या आपणच काढून घेतली आहे. म्हणून त्याची जबाबदारी आपली.

दुसरा आक्षेप जास्त विचार करण्यासारखा आहे. त्याच चोवीस गुरूंत कपोत आहे. पिलांच्या मायेने तो पारध्याच्या जाळ्यात गेला. अतिस्नेह घात करतो, हा त्याचा धडा. भागवतातला भरतराजा हरणाच्या पाडसात जीव गुंतवून पुढच्या जन्मी हरीण झाला. मग वृद्धापकाळी कुत्र्या-मांजरात मन अडकवावे कशाला? प्रश्न रास्त आहे. पण भरताने नदीत वाहून चाललेले पाडस उचलले, त्याला जगवले, यात कोणी दोष काढलेला नाही. त्याचे सगळे चित्तच तिथे जाऊन बसले, हा दोष. खरे तर चोख व्यवस्था करून निघालेला माणूसच निश्चिंत होऊन नामस्मरण करू शकतो. ज्याने व्यवस्था केली नाही, तो पादुकांपुढे उभा राहूनही मनाने घरच्या दारातच असतो.

आपल्या गृहस्थाला पंचमहायज्ञ सांगितले आहेत, त्यांत भूतयज्ञ आहे. गोग्रास, काकबली ही त्याचीच रूपे. गावाला जाताना देवाची पूजा बंद पडू नये म्हणून आपण शेजारी किल्ली देतो, "तेवढं देवांना पाणी घाला, दिवा लावा" असे सांगतो. तितक्याच काळजीने "मोत्याच्या भांड्यातलं पाणी रोज बदला" हेही सांगावे. आपल्या जागी पूजा करणारा आणि आपल्या जागी भूतयज्ञ चालवणारा, दोघेही आपलेच काम करत असतात.

हल्ली पुण्या-मुंबईकडे ठरावीक पैसे घेऊन घरी येऊन राहणारी माणसे मिळतात. मालक परत येईपर्यंत ती कुत्र्याला फिरवतात, मांजराला खाऊ घालतात, रात्री घरातच झोपतात. जुन्या मंडळींना हसू येते, "कुत्र्याला सांभाळायला पगारी माणूस!" पण त्यात तथ्य आहे. कुत्रा मुख्यतः माणसाला धरून असतो, मांजर जागेला. मांजराला अनोळखी घरी नेले तर ते कपाटाखाली दडून बसते, खाणे सोडते, आणि दोन-तीन दिवस काहीच खाल्ले नाही तर त्याच्या यकृतावर गंभीर परिणाम होऊ शकतो. त्याच्यासाठी त्याच्याच घरात कोणीतरी येणे हे लाडाचे नाही, गरजेचे आहे.

पैसे घेतले म्हणजे सेवा बाटली असेही नाही. देवळातले पुजारी दक्षिणा घेतात, म्हणून त्यांची पूजा खोटी ठरत नाही. उलट मला जास्त खटकते ते फुकटचे गृहीत धरणे. शेजारच्या काकूंना "दोनच दिवस बघाल ना?" म्हणून सांगायचे आणि दोनाचे आठ करायचे. धुण्याभांड्याच्या बाईंना "जाता येता तेवढी भाकरी टाका" असे सांगायचे आणि पगारात एक रुपया वाढवायचा नाही. त्या बाई आपले घर, आपली मुले सोडून संध्याकाळी पुन्हा चालत येतात, ते आपल्याला यात्रेला जाता यावे म्हणून. गरिबाच्या श्रमावर केलेली यात्रा देवाला कितपत रुचत असेल, हे ज्याचे त्याने आपल्या मनाला विचारावे.

आता सांभाळणाऱ्याचा धर्म. आपल्याकडे ठेवीला फार पवित्र मानले आहे. कोणी विश्वासाने सोने ठेवायला दिले, तर ते होते तसे परत करायचे. सोने वजन करून घेता येते. मुका जीव ही अशी ठेव आहे की जिचा हिशोब मालकाला कधीच पुरता मिळत नाही. कुत्र्याला अर्धा तास फिरवले की पाच मिनिटांत परत आणले, हे फिरवणाऱ्यालाच ठाऊक. पाणी सकाळी बदलले की कालचेच ठेवले, हे भांड्यालाच ठाऊक. कुत्रा तक्रार करणार नाही, मालक आल्यावर शेपूटच हलवील. म्हणून हे काम माणसाची परीक्षा पाहते. कोणी पाहत नसताना केलेले काम हीच खरी सेवा, असे आपण कीर्तनात ऐकतो. ते खरे करून दाखवायची संधी इथे रोज दोन वेळा मिळते. देशाचा कायदाही हेच मानतो. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ३ प्रमाणे, प्राणी ज्याच्या ताब्यात वा देखरेखीत असेल त्याने त्याच्या हितासाठी योग्य ती काळजी घ्यायची आहे. म्हणजे मालकाइतकाच सांभाळणाराही बांधलेला आहे.

या व्यवहाराचा पाया सत्य आहे, आणि ते दोन्ही बाजूंनी हवे. कुत्रा अनोळखी माणसाला चावतो, त्याला फिट येते, तो फटाक्यांना घाबरून पळतो, हे मालकाने लपवू नये. लसी कधी दिल्या, डॉक्टर कोण, किती पैसे ठेवले आहेत आणि फोन लागला नाही तर निर्णय कोणी घ्यायचा, हे कागदावर लिहून द्यावे. काय खायला द्यायचे नाही, तेही लिहावे. प्रसादाचा शिरा आपण प्रेमाने कुत्र्यापुढे ठेवतो, पण बेदाणे, मनुका, द्राक्षे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात. कांदाही त्याला चालत नाही. सांभाळणाऱ्यानेही काही बरेवाईट झाले तर "यात्रेत कशाला सांगायचं" म्हणून दडवू नये. ऐकून यात्रेत खंड पडेल, पडू द्यावा.

आणि जनावर फार म्हातारे असेल, शेवटच्या दुखण्यात असेल, तर? बाळंतपण, शस्त्रक्रिया यासाठी जावेच लागते, त्याला इलाज नाही. पण नुसती यात्रा असेल, तर माझे मत स्पष्ट आहे. यात्रा पुढे ढकलावी. एकनाथ महाराजांनी रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात रिकामी केली, ही कथा आपण डोळे पुसत ऐकतो. त्या कथेला मान डोलवायची आणि आपल्यावर वेळ आली की रिझर्व्हेशनचे पैसे बुडतील म्हणायचे, हे जुळत नाही. वाडीच्या पादुका पुढच्या पौर्णिमेलाही तिथेच असतील. चौदा वर्षे उंबऱ्यावर राखण करणारा जीव असेलच असे नाही.

आमच्या भजनी मंडळातल्या एक आजी एकदा म्हणाल्या, "सगळे गाणगापूरला गेले. मी लेकाचं कुत्रं धरून घरी बसले. मला काय मिळालं?" कोणीच लगेच उत्तर दिले नाही. दुपारी बाराला महाराज कोणत्याही रूपात भिक्षेला येतात, अशी गाणगापूरची श्रद्धा आहे. म्हणून तिथे गेलेला भक्त दारात आलेल्या कोणालाही विन्मुख पाठवत नाही. मग घरी राहून रोज ठरल्या वेळी ज्यांनी एका भुकेल्यापुढे भाकरी ठेवली, त्या आजींना गाणगापूर चुकले असे कसे म्हणावे?

यात्रेहून आलात की अंगारा आणि प्रसाद आधी सांभाळणाऱ्याच्या हातावर ठेवा. ठरलेले पैसे असतील तर तेही त्याच दिवशी द्या, मागायला लावू नका. आपल्या यात्रेत त्याचा वाटा आहे.

॥ अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥