साडेनऊची लाइट

कराडच्या शनिवार पेठेत अप्पांना विचारल्याशिवाय कुणी बँकेचा फॉर्म भरत नसे. हेड कॅशियर म्हणून निवृत्त झालेला माणूस. खोटी नोट त्यांच्या बोटांनाच कळायची. एका दुपारी त्यांच्या मोबाइलवर मेसेज आला. मागच्या महिन्याचं बिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडणार, ताबडतोब या नंबरवर अधिकाऱ्यांशी बोला. अप्पा खुदकन हसले. महावितरणचा मेसेज असा दहा आकडी मोबाइल नंबरवरून कशाला येईल? पाठवणाऱ्याच्या जागी 'एमएसईडीसीएल' ही अक्षरं असतात. शिवाय 2003 च्या वीज कायद्यात कलम 56 आहे. थकबाकीसाठी लाइन तोडायची तर 15 दिवस आधी लेखी नोटीस द्यावी लागते. चोरानं थोडा अभ्यास तरी करायचा! मेसेज संध्याकाळी कट्ट्यावर दाखवायला ठेवून अप्पा वामकुक्षीला आडवे झाले.

खालच्या मजल्यावर शालनवहिनींची घरगुती गिरणी. दिवाळी तोंडावर, चकलीच्या भाजणीचे डबे दारापर्यंत रांगेनं लावलेले. त्यांनाही तोच मेसेज आला. लाइट गेली तर एवढं दळण कोण देणार, या धास्तीनं त्यांनी नंबर लावला. पलीकडचा 'साहेब' मोठा अदबशीर. त्यानं ग्राहक क्रमांक विचारला, वहिनींनी बिलावरून वाचून दाखवला. दोन वाक्यांनंतर तोच क्रमांक त्यानं परत म्हणून दाखवला आणि वहिनींची खात्री पटली, की माणूस एमएसईबीचाच! "बिल भरलंय तुमचं, पण सिस्टिमला दिसत नाही. 10 रुपये भरा, म्हणजे अपडेट होईल. त्यासाठी हे ॲप घ्या."

ते ॲप म्हणजे वहिनींचा स्क्रीन त्याच्या डोळ्यांसमोर उघडा. पिठाच्या बोटांनी त्यांनी पासवर्ड टाकला, तो त्यानं पाहिला. पाठोपाठ ओटीपी आले, तेही त्यानं वाचले. 10 रुपये राहिले बाजूला. लागोपाठ दोन मेसेज वाजले आणि 48,000 रुपये गेले.

आरडाओरडा ऐकून अप्पा जिना उतरले. त्यांनी आधी मोबाइलचं इंटरनेट बंद केलं आणि स्वतःच्या फोनवरून सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा 1930 हा नंबर लावला. बँक कोणती, रक्कम किती, किती वाजता गेली, व्यवहाराचा क्रमांक काय, एवढंच विचारलं गेलं. अप्पांनी मेसेजमधले आकडे एकेक करून वाचले. चोरलेला पैसा एका खात्यात बसून राहत नाही. तो तिथून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात पळतो, आणि मग एटीएममधून नोटा होऊन निघतो. त्याआधी बँकेनं गाठला तर तो गोठवता येतो. अर्ध्या तासात फोन झाला म्हणून 30,000 अडकले. बाकीचे निसटले.

बँकेला कळवून खातं बंद करून झालं, सायबर गुन्ह्यांच्या सरकारी संकेतस्थळावरची तक्रार भरून झाली. मग अप्पांनी नंबर टिपून घ्यायला वहिनींचा मेसेज उघडला आणि ते चपापले.

"हा तर मलाही आला होता."

"कधी?"

"दुपारी. जेवण झाल्यावर."

"आणि तुम्ही ओळखलात?"

"लगेच."

वहिनी थोडा वेळ गप्प राहिल्या. "मग एक हाक मारायची होतीत ना, अप्पा. जिन्यात उभं राहून."

असल्यात कोण फसतं, असं वाटलं होतं, हे उत्तर अप्पांच्या ओठांवर आलं आणि तिथंच राहिलं. ज्यांचे पैसे गेले नाहीत त्यांच्यासाठीही सरकारनं 2024 मध्ये सोय केली आहे. 'संचार साथी' या सरकारी संकेतस्थळावर 'चक्षू' नावाच्या सदरात असला नंबर, मेसेजचा फोटो आणि वेळ कळवता येते. वीजबिलाच्या नावानं होणाऱ्या फसवणुकीचा प्रकारही तिथल्या यादीत आहे. अप्पांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि तिथंच, भाजणीच्या डब्यांमध्ये बसून, स्वतःला आलेला मेसेज कळवला.

रात्री वहिनींच्या मुलाचा पुण्याहून फोन आला. "आई, गल्लीत कुणाला सांगू नकोस. हसतील."

"हसू देत. हसताना ऐकतील तरी."

त्यांनी अप्पांनाच पेठेच्या ग्रुपवर सगळं लिहायला लावलं, स्वतःच्या नावानिशी, नंबरसकट. पाच मिनिटांत तिघांची उत्तरं आली. मलाही आला होता, फ्रॉड आहे हे कळलं, डिलीट केला.

"अरे, डिलीट काय करता, कळवायचं नाही का?" अप्पा फोनवर डाफरले.

वहिनींनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं आणि दळण पुन्हा सुरू केलं.