भिंती उभ्या, पोट रिकामं

चि. छोटीस,


इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहरावरच्या लेखाचा तुझा अनुवाद दोनदा वाचला. वाक्यं सुटसुटीत झाली आहेत. दोन-तीन वेलांट्या चुकल्यात, त्या पेन्सिलीने दुरुस्त केल्या. पण ‘उद्ध्वस्त’ हा एक शब्द मी मोजत गेले, तर तीन पानांत तो अकरा वेळा निघाला. घरं उद्ध्वस्त, कारखाने उद्ध्वस्त, कॅथीड्रल उद्ध्वस्त, शेवटी माणसांची मनंही उद्ध्वस्त. मूळ लेख शेजारी ठेवून पाहिला. त्या अकरा जागी इंग्रजीत सहा निरनिराळे शब्द आहेत गं!

तुला रागवायला लिहीत नाहीये. वर्तमानपत्राच्या भाषांतराच्या टेबलावर माझी अठ्ठावीस वर्षं गेली. रात्री अकराला तार हातात पडायची, साडेअकराला मजकूर खाली जुळाऱ्याकडे. त्या घाईत मीही ‘उद्ध्वस्त’चा शिक्का मारलाय. पण तुझ्यावर असली घाई नाही.

कारखान्यांपासून बघ. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मनीच्या पाचशेच्या आसपास विमानांनी कॉव्हेंट्रीवर तासन्‌तास बॉम्ब टाकले. चार हजारांहून जास्त घरं गेली, पाचशेवर माणसं मेली. लेखात घरांसाठी ‘डिस्ट्रॉय’ आहे आणि पुष्कळशा कारखान्यांसाठी ‘डॅमेज’. तू दोन्हीकडे एकच शब्द वापरलास. आता डिस्ट्रॉय झालेलं पुन्हा कामाचं राहत नाही. डॅमेज झालेलं दुरुस्त होतं, आणि ते कारखाने खरोखरच दुरुस्त होऊन पुन्हा चालू झाले. म्हणजे तुझ्या एका शब्दाने, जर्मन वैमानिकांना जे जमलं नाही ते करून दाखवलं! तिथे ‘नुकसान झालं’, फार तर ‘मोडतोड झाली’, एवढंच पुरे.

डिस्ट्रॉयचं मूळ लॅटिनमध्ये आहे. एकावर एक रचण्याचं जे क्रियापद, त्याच्या उलट ते जातं. स्ट्रक्चर आणि कन्स्ट्रक्शन ही त्याचीच भावंडं. रचलेलं विस्कटणं, असा तो अर्थ.

आता कॅथीड्रल. मूळ शब्द आहे ‘गटेड’. ‘गट’ म्हणजे आतडं. माझी आई अंगणात विळीवर बांगडा साफ करायची, ते आठवतं. बाहेरून मासा अख्खा, डोळे तसेच, शेपूट तशीच, पण पोट रिकामं. इंग्रजीत आग इमारतीला ‘गट’ करते ती अशी. छप्पर, लाकूड, बाकं, आतलं सगळं जळून जातं आणि भिंती उभ्या राहतात. कॉव्हेंट्रीच्या सेंट मायकेल कॅथीड्रलचं नेमकं हेच झालं. छप्पर कोसळलं, बाहेरच्या भिंती राहिल्या, आणि तो उंच मनोरा तर आजही उभा आहे. ‘उद्ध्वस्त’ म्हटलं की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे दगडमातीचा ढीग येतो, मनोरा येत नाही. तू ‘आतून जळून खाक झालं’ लिही. ‘कोथळा’ हा शब्दही मनात आला होता, पण तो लिहिला की आपला वाचक थेट प्रतापगडावर जाऊन पोचतो.

‘डिमॉलिश’ तू ‘विध्वंस’ केलास, हे मात्र मला बिलकुल पटलं नाही. त्या वाक्यात हल्ल्यानंतर धोकादायक झालेल्या भिंती उतरवल्याचा उल्लेख आहे. त्यात विध्वंस कसला? ते पाडकाम. नगरपालिका नोटीस लावून करते ते. डिमॉलिश बॉम्बनेही होतं, नाही असं नाही, पण त्या शब्दात बहुतेक वेळा कुणाचा तरी ठरवलेला हात असतो. गंमत म्हणजे भुकेलेला इंग्रज ताटभर जेवण ‘डिमॉलिश’ करतो आणि आपण त्याच ताटाचा फडशा पाडतो. पाडण्यातलं आणि खाण्यातलं हे नातं दोन्ही भाषांना वेगवेगळं सुचलं असणार.

शब्दाचं मूळ शोधायची सवय चांगली, पण तिनेच मला एकदा तोंडघशी पाडलंय. ‘डेसिमेट’ हा शब्द रोमन सैन्यातला. पळ काढणाऱ्या तुकडीत चिठ्ठ्या टाकायच्या आणि दर दहांतला एक सैनिक त्याच्याच सोबत्यांनी ठार मारायचा. स्पार्टाकसच्या गुलामांच्या बंडात रोमन सेनापती क्रॅससने, इसवी सनापूर्वी ७१ च्या सुमारास, ही जुनी शिक्षा पुन्हा काढली. हे मी नुकतंच वाचलं होतं आणि डोक्यात नुसतं घोळत होतं. तेवढ्यात परदेशातल्या टोळधाडीची तार आली, पीक ‘डेसिमेटेड’. मी ऐटीत लिहिलं, ‘दहावा हिस्सा पीक गेलं’. खरं तर जवळजवळ सगळंच गेलं होतं. आज सर्रास तोच अर्थ चालतो, मूळ काहीही असो. दुसऱ्या दिवशी वृत्तसंपादकांनी अंक माझ्यापुढे ठेवला आणि एवढंच विचारलं, “बाई, उरलेले नऊ हिस्से कुणी खाल्ले?” तेव्हापासून मूळ आधी बघते, पण विश्वास वाक्यावर ठेवते.

‘रुइन’मध्ये पडण्याची हालचाल आहे. त्याने माणूस कर्जात बुडतो, कढीचा डाग पडून साडी जाते, पावसाने लग्नाचा विचका होतो. या तिघांना मराठीत एक शब्द पुरणार नाही आणि पुरवूही नकोस. अनेकवचनात तोच शब्द वास्तूचे अवशेष होतो. ‘ॲनाइहिलेट’मध्ये लॅटिनचं ‘काहीच नाही’ आहे. आपलं ‘नेस्तनाबूत’ त्याच्या शेजारी बसतं. ‘नामशेष’ मात्र थोडं दयाळू, निदान नाव तरी ठेवतं. सगळ्यांत मला आवडतो आपला ‘बेचिराख’. त्यातल्या ‘राख’मुळे पुष्कळांना तो जळण्याचा शब्द वाटतो. पण तो फारसीतून आलाय आणि चिराग म्हणजे दिवा. जिथे संध्याकाळी एकही दिवा लागत नाही, ते गाव बेचिराख. आगीची गरजच नाही. माणसं निघून गेली तरी पुरतं.

आणि शब्दांचं हे घेणं-देणं एकतर्फी नाही, बरं का. नासधूस सांगायला इंग्रजांनी आपल्याकडूनही शब्द नेलेत. ‘लूट’ नेला, उच्चारही फारसा न बदलता. पुरीच्या जगन्नाथाचा रथ नेला. भक्त त्याच्या चाकांखाली झोकून देतात, या प्रवाशांच्या तिखटमीठ लावलेल्या गोष्टींवरून वाटेत येईल ते चिरडत जाणारी कुठलीही अजस्र शक्ती त्यांना ‘जगरनॉट’ झाली. आता तिकडे अवाढव्य मालट्रकलाही तसं म्हणतात. जगन्नाथाची अशी बदली व्हावी, हे मला अजून रुचत नाही.

तुझ्या शेवटच्या परिच्छेदात १९६२ साल आहे. जळलेल्या कॅथीड्रलच्या शेजारी नवं उभं राहिलं, आणि जुन्याचे ‘रुइन्स’ मुद्दाम तसेच राखले. तू लिहिलंस, ‘उद्ध्वस्त चर्च जतन केलं’. वाचताना ठेच लागते. ‘भग्नावशेष’ बरोबर आहे, पण जरा पुस्तकी. मी समासात लिहिलंय, ‘बिनछपराच्या त्या भिंती तशाच ठेवल्या’. पटलं तर घे.

अडले ती एकाच जागी. त्या हल्ल्यानंतर शहराच्या नावाचंच क्रियापद झालं. जर्मन प्रचाराने फुशारकीने वापरलेलं ते इंग्रजीतही आलं, आणि एखादं शहर ‘कॉव्हेंट्री करणं’ म्हणजे बॉम्बनी सपाट करणं असं ठरलं. आपल्याकडे ‘गाढवाचा नांगर फिरवणे’ आहे. आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने पुण्यावर तो फिरवल्याची हकीकत तू शाळेत वाचलीच असशील. त्यातही जिंकणाऱ्याचा तोच माज आहे. पण इंग्लंडच्या रस्त्यावर पुण्याचं गाढव आणलं तर वाचक हसेल, आणि हसू यावं अशी ती जागा नाही. दोन दिवस विचार केला, नुसती रेघ ओढून ठेवलीय. रविवारी येशील तेव्हा तुझा शब्द घेऊन ये. बांगडे आणून ठेवते, साफ तू करायचे.

तुझी आजी