विहित नसलेले कर्म

ज्या गावी थंडी पौषातल्या चार पहाटांपुरती येते, सूर्य घटकाभर वर आला की अंगावरची शाल आपोआप खाली उतरते, आणि उरलेले वर्ष घामात नाहीतर पावसात जाते, त्या अंबरनाथासारख्या गावी लोकरीचे विणकाम आवडीने चालावे, ही गोष्ट प्रथमदर्शनी निष्प्रयोजन वाटते; आणि निष्प्रयोजन वाटते म्हणूनच धर्मविचाराच्या दृष्टीने मला ती महत्त्वाची वाटते. सिमल्याची गृहिणी सुया हाती घेते तेव्हा तिच्यामागे हिवाळ्याचा तगादा असतो. आमच्या स्थानकाच्या पूर्वेस, शिवमंदिराकडे जाणाऱ्या वाटेवरच्या जुन्या चाळींत आणि अलीकडे उठलेल्या सहकारी गृहसंस्थांच्या गॅलऱ्यांत दुपारची झाकपाक आटोपून जी स्त्री लोकरीचा गुंडा मांडीवर घेते, तिच्यामागे असला कोणताच तगादा नसतो. उल्हासनगरच्या बाजारातून आणलेली ती लोकर लुधियानाकडच्या गिरण्यांची असते, आणि पुष्कळदा तिच्यात मेंढीच्या अंगचे काहीच नसून सारा अ‍ॅक्रिलिकचा धागा असतो. त्या लोकरीचा स्वेटर तयार मिळतो, आणि तो हाताने विणलेल्या स्वेटरपेक्षा स्वस्तही पडतो. तरी ती विणते. का विणते, आणि त्या विणण्यात तिला जो आनंद होतो त्याची अध्यात्माच्या दरबारी किंमत काय, हा माझा प्रश्न आहे.

प्रश्न क्षुल्लक आहे असे कोणी म्हणू नये. आपल्या कर्ममीमांसेने कर्माची जी वाटणी केली आहे, तीत हे विणकाम कोणत्या सदराखाली नोंदवावे, हे सांगताना भल्या शास्त्र्यालाही क्षणभर थांबावे लागेल. ते नित्य कर्म नव्हे, कारण न केल्याने प्रत्यवाय घडत नाही. नैमित्तिक म्हणावे, तर शेजारच्या सुनेला दिवस गेले म्हणून बाळंतविड्यासाठी टोपरे, मोजे आणि पुढून उघडणारे स्वेटर विणायला घेतले, एवढ्यापुरते निमित्त असते खरे. परंतु बाळंतविडा पोहोचता झाल्यावरही सुया थांबत नाहीत. काम्य म्हणावे, तर कामना कशाची? पैशाची नव्हे, कीर्तीची तर नव्हेच. निषिद्ध तर ते मुळीच नाही. अशा रीतीने शास्त्राच्या दप्तरात ज्याची नोंद नाही असे एक कर्म लाखो गृहस्थाश्रमी माणसे रोज करीत असतात, आणि त्यांच्या दिवसातील अत्यंत निर्मळ अर्धा तास बहुधा तोच असतो.

या ठिकाणी संतांचा दाखला देण्याचा मोह होतो. सावता माळ्याने अरणच्या मळ्यात विठ्ठल पाहिला, नामदेवांच्या घरी शिंप्याचा व्यवसाय होता, जनाबाईच्या जात्याला प्रत्यक्ष पांडुरंगाचा हात लागला, तेव्हा विणकामातही भक्ती आहेच, असे म्हणून अनेक प्रवचनकार मोकळे होतात. मला हा दाखला येथे अपुरा वाटतो. मळा हे सावतोबांचे उपजीविकेचे साधन होते. जनाबाईचे दळण हे चाकरीचे दळण होते. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात ज्या स्वकर्माने ईश्वराची पूजा करावयास सांगितले आहे, तेही वाट्याला आलेले, विहित असे कर्म आहे. विहित कर्माला ईश्वरार्पण करण्याचा मार्ग संतांनी राजरस्त्यासारखा मोकळा करून ठेवला आहे, यात शंका नाही. पण जे कोणी सांगितले नाही, ज्यावाचून कोणाचे अडत नाही, आणि जे केवळ आवडते म्हणून केले जाते, त्याचे काय? त्याला दुसरीच सनद शोधली पाहिजे.

ती सनद मला ब्रह्मसूत्रांत सापडते. दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात असा पूर्वपक्ष आला आहे की, शहाणा कर्ता प्रयोजनावाचून प्रवृत्त होत नाही, आणि ब्रह्म तर पूर्णकाम. मग त्याने जगत् निर्माण करण्याचा खटाटोप कशासाठी करावा? सूत्रकारांचे उत्तर असे की, लोकांत जशी केवळ क्रीडा दिसते तशी ही ब्रह्माची लीला आहे. शंकराचार्यांनी भाष्यात यावर दोन दृष्टांत दिले आहेत. एक, ज्याच्या सर्व इच्छा पुरल्या आहेत अशा राजाचा किंवा अमात्याचा विहार. आणि दुसरा, कोणत्याही बाह्य प्रयोजनावाचून स्वभावतःच चालणारा श्वासोच्छ्वास. राजाचा दृष्टांत विद्वानांच्या तोंडी अधिक असतो. परंतु गृहस्थाश्रमाला उपयोगी पडणारा दृष्टांत दुसरा आहे, असे माझे मत आहे. आमच्या गल्लीतली स्त्री काही पूर्णकाम नव्हे. तिच्या कपाळी नळाची वेळ आहे, गॅसचे बिल आहे, सासूचे पथ्य आहे, मुलाची परीक्षा आहे. पण श्वास घ्यायला पूर्णकाम असावे लागत नाही. थकलेला, कर्जबाजारी, चिंतेने पोखरलेला मनुष्यही तो घेतच असतो. लीलेचा काही अंश जीवमात्राच्या ठायी असा निसर्गतःच ठेवलेला आहे, त्यासाठी कामना आधी पुरवून घ्याव्या लागत नाहीत, हे आचार्यांच्या त्या दुसऱ्या दृष्टांतातून मी घेतो. भाष्याचा रोख ईश्वराच्या कर्तृत्वावर आहे, जिवाच्या छंदावर नाही, याची मला जाणीव आहे. तरी सूत्रकारांनी 'लोकांत दिसते तसे' म्हणून ज्याचा आधार घेतला, ते लोकांतले उदाहरण आधी खरे असले पाहिजे; आणि ते खरे असल्याची साक्ष पाहावयाची तर अंबरनाथहून सुटणारी सकाळची लोकल पाहावी.

मुंबईपर्यंत सुमारे साठ किलोमीटरचा, दीड तासाच्या आसपासचा तो प्रवास. गाडी येथूनच सुटत असल्यामुळे बायकांच्या डब्यात बसावयास मिळते. कोणी पालेभाजी निवडते, कोणी पोथी काढते, कोणी डोळे मिटते. आणि एखादी पर्समधून दहा नंबरच्या सुया काढून एक सुलट, एक उलट अशी बॉर्डर पुढे चालू करते. बॉर्डर बोटभर झाली की आठ नंबरच्या सुया हाती येतील आणि वीण बदलेल. डोंबिवलीला गर्दीचा लोंढा आत येतो तेव्हा ती कोपर अंगाशी घेते, पण सुई थांबत नाही. "अगं, खाली टाका गळलाय बघ तुझा," असे समोर उभी असलेली अनोळखी बाई सांगते. मग क्रोशाची सुई निघते, आणि चार ओळी खाली घसरलेला टाका एकेक पायरी वर चढवीत पुन्हा जागेवर आणून बसवला जातो. एवढा वेळ दोघींच्याही चेहऱ्यावर दुसऱ्या कशाची छाया नसते. दादर आले की ओळ अर्धी असतानाच सारे गुंडाळून ती उतरते.

अर्ध्या ओळीवर काम खाली ठेवता येणे, या गोष्टीकडे मी वाचकांचे लक्ष विशेषकरून वेधू इच्छितो. आपल्या परंपरेत तल्लीनतेचे माहात्म्य फार गायिले गेले आहे, आणि त्या तल्लीनतेची सर्वांत भयंकर कथाही आपल्याच परंपरेत आहे. तेरचे गोरोबाकाका नामस्मरणात देहभान विसरून माती तुडवीत असताना त्यांचे रांगते मूल त्या चिखलात आले आणि पायाखाली गेले. पुढे विठ्ठलकृपेने ते परत लाभले, असे भक्तिकथा सांगते. मोठ्या भक्ताची ती थोर कथा आहे आणि तिच्यापुढे मी नतमस्तक आहे. परंतु ती ऐकताना प्रत्येक आईच्या अंगावर काटा येतो, आणि तो यावा हेच योग्य आहे. गृहस्थाश्रमाला जी साधना हवी, तीत रांगते मूल सुरक्षित राहिले पाहिजे. विणणाऱ्या स्त्रीचे चित्त सुईच्या टोकाशी असते, आणि तिचे कान मात्र घरभर असतात. कुकरची तिसरी शिटी तिच्याकडून चुकत नाही, पाळण्यातली कुसकुस तिला पहिल्याने ऐकू येते. टाके मोजता मोजता ती उठते, दूध उतरवते आणि परत येऊन पुढचा आकडा धरते. चित्ताची ही अवस्था समाधी नव्हे, हे मला मान्य आहे. पण तिला विक्षेप म्हणणे हा अन्याय होईल. एका ठिकाणी स्थिर असूनही सर्वांना उपलब्ध असलेले चित्त ही संसारी माणसाला साध्य होणारी, आणि माझ्या समजुतीप्रमाणे संसारी माणसाने इच्छावी अशी अवस्था आहे.

आता खरा आक्षेप. गीतेच्या चौदाव्या अध्यायात सांगितले आहे की सत्त्वगुणही बांधतो. तो सुखाच्या आसक्तीने बांधतो, आणि रजोगुण कर्माच्या आसक्तीने. विणकामाच्या गोडीत सुखही आहे आणि कर्मही आहे. मग ही दुहेरी बेडीच नव्हे काय? हा आक्षेप मी हलका मानीत नाही. पुढच्या ओळीच्या ओढीने घरच्या आजाऱ्याकडे काणाडोळा झाला, किंवा आपली वीण दुसरीने उतरवून घेतली म्हणून मन कडू झाले, तर तेथे बेडी पडली असे खुशाल समजावे. परंतु बेडी आहे की नाही हे पाहण्याची परीक्षा या कलेने आपल्या पोटातच ठेवली आहे. मागावरचे कापड ताण्याबाण्याचे असते, ते फाटते; सुयांवरचे विणकाम एकाच धाग्याचे, एका टाक्यात दुसरा टाका अडकवून उभे राहिलेले असते, म्हणून ते न फाटता समूळ उसवते. गळा चुकला, माप फसले, मूल वाढले, की पंधरा दिवसांचे काम अर्ध्या घटकेत पुन्हा गुंडा होते. उसवलेला धागा नागमोडी वळलेला असतो. त्याची लडी करून कोमट पाण्यात बुडवावी लागते, खाली वजन बांधून वाळत घालावी लागते, तेव्हा तो पुन्हा सरळ होतो आणि नव्या कामाला लागतो. मी अशा स्त्रिया पाहिल्या आहेत, ज्या उसवताना विणतानाइतक्याच प्रसन्न असतात. फळाची आशा सोडा हे आपण आयुष्यभर ऐकतो. पण हातात आलेले फळ स्वतःच्या हाताने उसवून, चेहऱ्यावर आठी न आणता पुन्हा टाके घालायला बसणे, हे प्रत्यक्ष करणारी माणसे मला पोथीवाचकांपेक्षा या विणणाऱ्यांत अधिक आढळली. आणि काम उसवावे लागले नाही, तरी बहुतेक वेळा ते देऊनच टाकले जाते. नाशिकच्या नणंदेला, दिल्लीच्या भाच्याला, कचेरीतल्या एखादीच्या तान्ह्याला. विणणारीच्या स्वतःच्या अंगावर तिचे विणलेले क्वचितच दिसते, आणि आमच्या हवेत दिसणार तरी कसे?

गीतेच्याच अठराव्या अध्यायात सात्त्विक कर्त्याचे जे लक्षण आले आहे, तिकडे आक्षेपकांनी पाहावे. संगरहित, अहंकार न मिरवणारा, सिद्धी-असिद्धीने न बदलणारा, एवढ्यावरच भगवंत थांबलेले नाहीत. तो धृती आणि उत्साह यांनी युक्त असावा, असेही त्यांनी म्हटले आहे. उत्साह! निष्काम कर्माचे चित्र आपण उगाच रुक्ष करून ठेवले आहे. ज्याला फळ नको त्याला कर्मही नीरस वाटलेच पाहिजे, असा दंडक गीतेत कोठेही नाही.

रवींद्रनाथ आणि गांधीजी यांच्यात चरख्यावरून जो वाद झाला, तो १९२५ साली पुन्हा पेटला, आणि त्यात रवींद्रनाथांची तक्रार अशी होती की एकच यांत्रिक हालचाल सर्वांवर लादल्याने मन जड होते. गांधीजींना सूत कातणे हा यज्ञ वाटत होता. दोघांचेही म्हणणे मला एका मर्यादेपर्यंत पटते. पण त्या हालचालीत जीव कशाने येतो, हे विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या गीता-प्रवचनांत अधिक नेमके सांगितले. बाहेरच्या कर्माला आतल्या चित्ताची जोड, ज्याला त्यांनी विकर्म म्हटले, ती मिळाली की कर्माचे ओझे राहत नाही. लादलेल्या हालचालीला ही जोड प्रयत्नाने द्यावी लागते. आवडीने धरलेल्या हालचालीत ती आधीपासूनच हजर असते. विणकामाचा मोठेपणा मी यापलीकडे ताणणार नाही. सुया हाती घेतल्याने मोक्ष मिळतो, असे म्हणणे पोरकटपणाचे होईल.

आमच्या वालधुनीकाठच्या शिवालयाचा शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा आहे. शिलाहार राजाचे नाव त्या लेखात टिकले. भिंतींच्या खाचाखोचांत, जेथे नजर सहज पोहोचत नाही तेथेही ज्यांनी छिन्नी चालवली, त्यांची नावे कोणाच्या तोंडी नाहीत. राजाज्ञेने दगड आला असेल, मजुरीही मिळाली असेल. पण मजुरीच्या हिशेबात न बसणारे असे जे कोरीव काम तेथे दिसते, ते पाहिल्यावर हातांच्या त्या आनंदाला देवालयाबाहेर ठेवण्याचा अधिकार कोणालाही आहे, असे मला वाटत नाही.

हे सारे लिहिण्यास कारण असे की, प्रवचनास येताना एखादी स्त्री सुया-लोकर घेऊन आली तर तिला "येथे तरी ते बाजूला ठेवा" असे सांगण्याची वहिवाट पुष्कळ ठिकाणी आहे. सांगणाऱ्यांचा हेतू आदराचा असतो, हे मी जाणतो. परंतु भजनात टाळ वाजवणाऱ्या हाताने श्रवणाला बाध येत नाही, मग टाके घालणाऱ्या हातानेच तो का यावा? ज्ञानेश्वरीच्या पारायणांच्या, सप्ताहांच्या आणि महाशिवरात्रीच्या कीर्तनांच्या व्यवस्थापक मंडळींस माझी विनंती आहे की त्यांनी अशा स्त्रीला उठवू नये. सतरंजीवर, उजेड बरा असेल अशा जागी, तिला विणू द्यावे आणि ऐकू द्यावे.