खारपाणपट्ट्यातला आंबट हरभरा

दर्यापूरहून अकोटकडे जाताना दोन्ही हातांना सपाट काळं रान लागतं. सातपुड्यातून उतरलेल्या पूर्णेनं आणि तिच्या उपनद्यांनी हजारो वर्षं आणून टाकलेला हा गाळ. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत मिळून साडेचार हजार चौरस किलोमीटरांहून मोठा हा खारपाणपट्टा. इथल्या विहिरीला पाणी लागतं. पण ते पिववत नाही आणि पिकाला दिलं तर जमीन बिघडते. आज या मातीपाशी सावकाश थांबू या.

मनानंच एक वाळलेलं ढेकूळ हातात घ्या. दगडासारखं टणक, कडा धारदार. आता ते काचेच्या पेल्यात, साठवलेल्या पावसाच्या पाण्यात अलगद सोडा आणि पेला हलवू नका. निरोगी जमिनीचं ढेकूळ फुटतं, पण त्याचे बारीक गोळे तळाशी बसतात आणि वरचं पाणी निवळ राहतं. चोपण, म्हणजे सोडियमनं बिघडलेल्या, जमिनीचं ढेकूळ विरघळल्यासारखं होतं. त्याच्याभोवती गढूळ ढग पसरतो आणि तासन्‌तास खाली बसत नाही. पहिल्या जोराच्या पावसात शेतात हेच घडतं. मातीचे सुटे कण छिद्रं बुजवतात, पाणी वर तुंबतं, आणि ऊन पडलं की कडक पापुद्रा धरतो. अंकुराला तो फोडता येत नाही.

या ढगाचं कारण पाहायला अजून जवळ जाऊ. चिकणमातीचा कण म्हणजे अतिशय पातळ पापुद्रा आणि त्यावर ऋण प्रभार. सारखे प्रभार एकमेकांना दूर लोटतात. त्यांना एकत्र ठेवायला मध्ये धन प्रभाराचं कुणीतरी लागतं. कॅल्शियमकडे दोन धन प्रभार आहेत, तो पापुद्र्यांना जवळ आणतो. सोडियमकडे एकच आहे, शिवाय प्रभाराच्या मानानं भोवती पाण्याचं मोठं वेष्टण. त्याची पकड सैल. कॅल्शियमची जागा सोडियमनं घेतली की कण सुटतात आणि जमीन चोपण होते.

इथे क्षणभर शाळेची प्रयोगशाळा आठवा. सोडियमचा तुकडा केरोसीनमध्ये बुडवून ठेवलेला असतो. सुरीनं कापला तर आतून चांदीसारखा चमकतो आणि पाहता पाहता काळवंडतो. पाण्यात टाकला तर सैरावैरा धावतो, हायड्रोजन सोडतो, कधी पेट घेतो. मागे उरलेलं पाणी अल्कधर्मी होतं, त्यात लाल लिटमस निळा पडतो. धातूंच्या क्रियाशीलतेच्या क्रमात पोटॅशियम, सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम वरती. मग ॲल्युमिनियम, जस्त, लोखंड. हायड्रोजनच्याही खाली तांबं, चांदी, सोनं. इलेक्ट्रॉन द्यायला जो जितका उतावीळ, तितकी त्याची जागा वर. सोडियमनं एक इलेक्ट्रॉन दिला की तो शांत होतो. जेवणातल्या मिठात आपण त्याला रोज खातो आणि या ढेकळातही तो असाच निवांत आहे. धातूंच्या रांगेत सोडियम कॅल्शियमच्या वर. मातीच्या कणावर मात्र कॅल्शियमचा जोर जास्त. एका ठिकाणची पायरी दुसऱ्या ठिकाणी चालत नाही. हे वाक्य मनात थोडा वेळ घोळू द्या.

आता हिवाळ्यातल्या पहाटेकडे वळू. जिथे जमीन फार बिघडलेली नाही आणि पावसाची ओल धरून आहे, तिथे याच पट्ट्यात कोरडवाहू हरभरा उभा असतो. त्याच्या पानांवर, घाट्यांवर बारीक लव असते आणि लवेच्या टोकाला इवला थेंब. जिभेला लावला तर झणझणीत आंबट. हीच हरभऱ्याची आंब. तिच्यात मुख्यतः मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल असतं. रोपं तुडवत गेलं तर पोटऱ्या चुरचुरतात. घाटेअळीची वाढही ऑक्झॅलिक आम्लानं खुंटते. जाणती माणसं पहाटे रोपांवरून धुतलेलं पातळ फडकं फिरवत आणि पिळून आंब काचेच्या बरणीत धरत, पोटदुखीच्या औषधासाठी. तांब्या-पितळेत नाही, कारण तिथे आंबट कळकतं. तांबं आम्लातून हायड्रोजन काढू शकत नाही, पण हवेतल्या प्राणवायूची साथ मिळाली की हळूहळू विरघळतं आणि हिरवट विषारी क्षार तयार होतात. पाठ्यपुस्तकातला क्रियाशीलतेचा क्रम एकटा हे सांगत नाही, जाणत्यांचा तो नियम हवेलाही मोजतो.

मुळाशी अल्कधर्मी माती, पानावर आम्ल, आणि मधे एकच झाड. सामू (pH) सात म्हणजे उदासीन. तिथून एकेक पायरी दहापटीची. सातवरून नऊवर गेलेली माती दोन पायऱ्याच चढलेली दिसते, पण फरक शंभरपट असतो. त्या मातीत जस्त, लोह असूनही पिकाला मिळत नाही आणि पानं पिवळी पडतात. तरी आम्ल चांगलं, अल्क वाईट असं मनाशी ठरवू नका. कुठे आणि किती, एवढंच विचारा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. या काळ्या मातीत कॅल्शियमची वाण नाही. नांगरताना पांढरे चुनखडीचे खडे वर येतात, ते कॅल्शियम कार्बोनेटच. बेसॉल्ट खडक झिजला तेव्हा सोडियम आणि कॅल्शियम दोन्ही सुटले. पाऊस बेताचा, ऊन कडक, निचरा मंद; त्यामुळे कॅल्शियम चुनखडी होऊन थिजला आणि सोडियम पाण्यात मोकळा राहिला. औषध शेतातच आहे, फक्त कुलपात. ते कुलूप सौम्य आम्लानं उघडतं. धैंचा किंवा बोरू फुलोऱ्याआधी गाडला की तो कुजताना कार्बन डायऑक्साइड सुटतो, ओलीत मिसळून त्याचं कार्बनिक आम्ल होतं, आणि ते चुनखडीतला कॅल्शियम थोडा थोडा मोकळा करतं. हरभऱ्याची मुळंही आपल्याभोवती आम्लं सोडतात. जिप्सम घातलं तर कॅल्शियम थेट मिळतो. तो सोडियमला कणावरून उठवतो, आणि उठलेला सोडियम पावसाच्या पाण्याबरोबर खाली जातो. त्याला जायला वाट हवी, म्हणून चर आणि निचरा हवाच. वाट नसेल तर जिप्समचा खर्च वाया.

हे एका हंगामात होत नाही. पिढ्यान्‌पिढ्या साचलेलं वर्षावर्षानं उतरतं. पण ज्या बोअरच्या पाण्यात सोडियम बायकार्बोनेट जास्त, ते देत राहिलं तर जमीन दोन-चार हंगामांतही मागे जाते. कारण ते पाणी उरलासुरला कॅल्शियमही चुनखडीत थिजवतं.

म्हणून खारपाणपट्ट्यातल्या प्रत्येक शेतकऱ्याला एकच कळकळीची विनंती: बोअर पाडली, पाणी लागलं, म्हणून लगेच ओलीत सुरू करू नका. आधी पाणी आणि माती दोन्ही तपासून घ्या. मातीचा सामू, क्षारता आणि विनिमयक्षम सोडियम, म्हणजे कणांवर बसलेला सोडियम, हे तीन आकडे मागा. सोडियम १५ टक्क्यांवर गेला की जमीन चोपण, ही पुस्तकातली रेषा. आपल्या चिकण काळ्या मातीत निचरा त्याच्या बराच आधी बिघडतो. अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९पासून याच मातीच्या उशाशी आहे, तिथे जाऊन विचारा. शेततळ्यात धरलेलं पावसाचं पाणी हेच या जमिनीचं खरं पाणी आहे. ते अडवा, आणि बिघडवणारं पाणी विहिरीतच राहू द्या.