विस्मृतीचा वर आणि मागे वळलेली मान

हेरकथा आणि मानसशास्त्रीय रहस्यकादंबरी ही एकाच घराण्यातली भावंडे असली, तरी त्यांचे प्रश्न वेगळे आहेत. हेरकथेत गुन्हा बाहेरच्या जगात घडतो, पुरावेही बाहेरच विखुरलेले असतात आणि ‘हे कोणी केले’ एवढे कळले की वाचक निश्चिंत होतो. बाबुराव अर्नाळकरांच्या हजाराहून अधिक पुस्तकांतल्या झुंजार आणि काळापहाड यांच्यावर मराठी वाचकांनी पिढ्यान्‌पिढ्या जीव लावला, तो या निश्चिंतीच्या भरवशावरच. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या लेखनात हा भरवसा डळमळू लागतो, कारण भीतीचा उगम दाराबाहेरून सरकत घरातल्याच कोणाच्या तरी मनात येऊन बसतो. मानसशास्त्रीय रहस्यकादंबरी आणखी एक पाऊल पुढे टाकते आणि जो ही हकीकत सांगतो आहे त्याच्यावरच विश्वास ठेवावा काय, असे विचारते. हा प्रश्न भारतीय तत्त्वचिंतनाच्या चांगल्या परिचयाचा आहे.

गौतमाच्या न्यायदर्शनात सोळा पदार्थ, म्हणजे विचाराचे सोळा विषय, सांगितले आहेत; त्यांत संशय तिसरा आणि निर्णय नववा आहे. भाष्यकार वात्स्यायनाच्या मते जे मुळीच ठाऊक नाही त्याची चिकित्सा होत नाही आणि जे निश्चित ठाऊक आहे त्याचीही होत नाही. चिकित्सेला जागा मिळते ती फक्त संशयात. संधिप्रकाशात दूर काहीतरी उभे दिसते आणि तो खांब आहे की माणूस आहे हे ठरत नाही, हे नैयायिकांचे नेहमीचे उदाहरण रहस्यकादंबरीच्या पहिल्या प्रकरणात जसेच्या तसे बसवता येईल. फरक एवढाच, की नैयायिकाला संशयातून लवकर बाहेर पडायचे असते, तर कादंबरीचा वाचक पैसे मोजून त्यात शिरतो आणि तो लवकर फिटला तर लेखकावर रुसतो.

न्यायशास्त्रात शब्द हेही प्रमाण, म्हणजे यथार्थ ज्ञानाचे साधन, मानले आहे. पण तो शब्द आप्ताचा असावा लागतो. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे. ज्याने वस्तू प्रत्यक्ष जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो आप्त. या व्याख्येत दोन अटी आहेत आणि अविश्वसनीय निवेदकाचे दोन प्रकार त्यांतूनच निघतात. अगाथा ख्रिस्तींच्या 1926 सालच्या रॉजर अ‍ॅक्रॉइडच्या खुनाच्या कादंबरीत (शंभर वर्षे होत आली, तेव्हा सांगायला हरकत नसावी) निवेदन करणारा डॉक्टरच खुनी निघतो. त्याला सर्व ठाऊक असते, पण सांगण्याची इच्छा नसते. पॉला हॉकिन्स यांच्या 2015 सालच्या ‘द गर्ल ऑन द ट्रेन’मध्ये उलट घडते: निवेदिकेला सांगायचे आहे, पण दारूमुळे त्या रात्रीची स्मृतीच तिच्यापाशी नाही. पहिला प्रकार चातुर्याचा आहे. दुसरा अधिक खोल आहे, कारण त्यात फसवणारा आणि फसलेला एकच असतो.

या दुसऱ्या प्रकाराची सर्वांत भयंकर कथा महाभारताच्या वनपर्वात आहे आणि तिचा धागा नांदेड जिल्ह्यातील माहूरला येऊन पोहोचतो. स्नानाला गेलेल्या रेणुकेला राजा चित्ररथ आपल्या स्त्रियांसह जलक्रीडा करताना दिसतो आणि क्षणभर तिचे मन ढळते. कृती काहीच घडलेली नसते. गुन्हा असलाच तर तो संपूर्णपणे मनातला आहे आणि तिचा पती जमदग्नी ऋषी तो तिच्या चेहऱ्यावरचे तेज गेल्यावरून ओळखतो. चार थोरल्या मुलांकडून त्याची मातृवधाची आज्ञा पाळली जात नाही. धाकटा परशुराम ती पाळतो. संतुष्ट पित्याकडे तो जे वर मागतो त्यांत आई पुन्हा जिवंत व्हावी हा एक आहे, आणि आपण मारले गेलो याची तिला आठवण राहू नये हा दुसरा. श्रोत्याचे लक्ष सहसा पहिल्या वराकडे जाते, पण तत्त्वचिंतकाने थांबावे ते दुसऱ्यापाशी. मृत्यू मागे घेतला जातो, घटना मात्र पुसली जात नाही. ती एकाच्या स्मृतीतून काढून दुसऱ्याच्या स्मृतीत कायमची ठेवली जाते. त्यानंतर एका आश्रमात एक आई आणि एक मुलगा राहतात, ज्यांपैकी मुलाला सर्व माहीत आहे आणि आईला काहीच नाही. महाभारतकार त्या दिवसांविषयी काही न सांगता पुढे जातात. परशुरामाने क्षत्रियांचा एकवीस वेळा संहार केला तो पित्याच्या हत्येमुळे, असे परंपरा सांगते. रहस्यकथांची सवय जडलेल्या वाचकाला मात्र त्या संतापाचे मूळ आणखी मागे शोधावेसे वाटेल.

माहूरची स्थलकथा इथून पुढची आहे. जमदग्नीच्या वधानंतर परशुराम कावडीच्या एका पारड्यात पित्याचा देह आणि दुसऱ्यात आईला घेऊन तिथे येतो, दत्तात्रेयांच्या मार्गदर्शनाखाली अंत्यसंस्कार होतात आणि रेणुका सती जाते. शोक अनावर झालेल्या परशुरामाला आकाशवाणी सांगते की आई भूमीतून प्रकट होऊन दर्शन देईल, पण तोवर मागे वळून पाहू नकोस. तो पाहतो. तोवर फक्त मुखच वर आलेले असते आणि ते तेवढ्यावरच थांबते. गडावरच्या मंदिरात आज जी मूर्ती आहे तो तांदळा आहे, म्हणजे हात-पाय न घडवलेली, शेंदूर चढवलेली स्वयंभू शिळा. गाभाऱ्यात प्रथम दिसतात ते त्या शेंदरी मुखावरचे डोळे. खाली मान नाही, खांदे नाहीत. पायऱ्यांच्या कडेला खलबत्त्यात कुटला जाणारा विडा देवीचा तांबूल म्हणून अर्पण होतो, तोही मुखालाच.

मागे वळून पाहण्याची ही ओढ वाचकाच्याही ओळखीची आहे. शेवटचे पान आधी उघडणारा वाचक परशुरामाचाच अपराध करतो, आणि त्यालाही मुखच मिळते: खुन्याचे नाव कळते, पण ज्या मार्गाने ते भूमीतून वर यायचे होते तो मार्ग बंद होतो. अभिनवगुप्ताने भयानक रसाचे विवेचन करताना शाकुंतलाच्या पहिल्या अंकातले हरिण घेतले आहे, जे धावताना मान वळवून मागच्या रथाकडे पुनःपुन्हा पाहते. त्याच्या मते प्रेक्षकाला होणारी भीती त्या हरिणाची नसते आणि प्रेक्षकाची स्वतःचीही नसते. ‘माझे’ आणि ‘दुसऱ्याचे’ हा भेद गळून उरलेली ती भीती असते, आणि या प्रक्रियेला तो साधारणीकरण म्हणतो. म्हणूनच ती आस्वाद्य होते. रहस्यकादंबरीवर ‘नुसती करमणूक’ हा शिक्का मारणाऱ्या मराठी समीक्षेने हा विचार त्या कादंबरीला क्वचितच लावून पाहिला, आणि हा अन्याय आहे.

तरीही एक आक्षेप उरतो. रहस्य फुटले की रसही संपत असेल, तर तो रस कसला? याचे उत्तर माहूरच्या वाटेवरच मिळते. आश्विनातल्या नवरात्रात गड चढणाऱ्या एकाही भाविकाला कथेचा शेवट ठाऊक नाही असे नाही. परशुराम मागे वळणार हे ठाऊक असूनही ते वळणे दरवेळी टोचते. पहिल्या वाचनात वाचक रेणुकेच्या जागी असतो, काहीच न आठवणारा. दुसऱ्या वाचनात तो परशुरामाच्या जागी असतो, सर्व जाणून त्याच घरात वावरणारा, आणि पहिल्या वेळी साधे वाटलेले प्रत्येक वाक्य त्याला आता बोचते. ज्या कादंबरीत ही दुसरी जागा रिकामीच असते, ती शेवटच्या दहा पानांत सगळे दुवे जुळवून पुन्हा हेरकथा होते, आणि या प्रकारातली बहुतेक पुस्तके, खपाचे आकडे काहीही असोत, अशीच आहेत. तेव्हा पुढची रहस्यकादंबरी संपली, की ती लगेच वाचनालयात परत करू नये. पहिले प्रकरण पुन्हा एकदा वाचावे आणि मगच तिच्याविषयी मत द्यावे.